रिकामा रकाना

माझ्या बाबांची जन्मतारीख कागदावर १ जून १९६७ आहे. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला, पहाटे. त्या पहाटे आजी ओरडत अंगणात पळाली तेव्हा बाबा तिच्या पोटात होते. उतरंडीची मडकी कशी आपसांत वाजली, गोठ्यातली म्हैस दावं तोडून कशी निघाली, हे आजीनं इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं होते असं वाटतं. बाबा जन्मले त्यानंतर महिन्याभरानं, संक्रांतीच्या आसपास, म्हणजे १९६८ साल लागल्यावर. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी तारीख विचारली. आजोबांना सांगता येईना. गुरुजींनी १ जून टाकली. शाळा जूनमध्ये भरते, पोरगं सहा वर्षांचं दाखवायचं, काम झालं.

महाराष्ट्रात या एक जूनवाल्यांची एक जातच आहे म्हणा ना. सरकारी कचेऱ्यांत ३१ मेला निरोपाच्या हारांची रांग लागते ती यांच्यामुळेच. बाबा सरकारी नव्हेत, अंबरनाथच्या एमआयडीसीतले. पण तेही २०२५च्या मेअखेरीस अठ्ठावन्न पुरी झाली म्हणून घरी आले. खऱ्या वयाप्रमाणे सात महिन्यांचा पगार अजून येणं होता. “गुरुजींनी खाल्ला,” असं म्हणून ते हसतात. राग नाही. गुरुजींनी तारीख टाकली नसती तर त्या जूनमध्ये शाळेत नाव लागलं नसतं, आणि मग पुढचं सगळंच निराळं झालं असतं.

एखादी गोष्ट माहीत नसेल तर तिथं काय लिहावं, हा प्रश्न मला आधी पोटापाण्यासाठी पडला, तत्त्वज्ञानासाठी नंतर. म्हणजे दोन्ही एकाच वर्षी पडले, पण पगार पहिल्याचा मिळत होता.

२०११ साली मी एसवायबीएला होते. बदलापूरच्या शिरगावात राहायचं, उल्हासनगरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायचं, आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आणि अख्खा शनिवार ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका सल्लागार कंपनीत काम करायचं. मैत्रिणीच्या भावानं सांगितलं होतं: कॉलेजची मुलं हवीत, अर्धवेळ, डेटाबेसचं काम आहे, महिना साडेतीन हजार. माझ्याकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट होतं आणि मराठी-इंग्रजी दोन्ही टंकलेखन बरं होतं. एवढ्यावर घेतलं. बाबांना फार आनंद झाला. ते साताऱ्याला ‘कमवा आणि शिका’तून शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९४७मध्ये साताऱ्यात शिवाजी कॉलेज सुरू केलं ते याच पायावर: हातानं राबा, त्यातून शिका. बाबांनी तिथं झाडांसाठी खड्डे खणले होते. माझं काम काय आहे हे त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा म्हणाले, “आम्हाला खड्डे खणायचे पैसे मिळायचे, तुला बुजवायचे मिळतात.”

अगदी तेच काम होतं. कर्ज देणाऱ्या एका कंपनीची गिऱ्हाइकं, कल्याणपासून कर्जतपर्यंतची. प्रत्येक शाखेनं आपापली एक्सेलची फाइल ठेवलेली. आम्ही सहा पोरांनी ती सगळी एका कोठारात आणायची, एकच माणूस दोनदा आला असेल तर एक ओळ काढायची आणि रिकामे रकाने भरायचे. सल्ला वगैरे जो काय असेल तो आतल्या काचेच्या खोलीत देत असावेत. आम्ही बाहेर.

दोनदा आलेली माणसं शोधणं मला आवडायचं. आमचं शिरगावच घ्या. एका फाइलीत शिरगाव, एकीत शिरगांव, एकीत सिरगाव, एकीत नुसतं ‘कुळगाव-बदलापूर पूर्व’. चौघंही एकाच गल्लीतले असू शकतात. उलट पालघरजवळ किल्ला असलेलं एक शिरगाव आहे, पुण्याजवळ प्रतिशिर्डीचं आहे, देवगड तालुक्यातही आहे. अक्षरं तंतोतंत तीच आणि गावं शंभर-शंभर मैलांवर. मशीन अक्षरं पाहतं. ४२१५०३ हा पिनकोड पाहायचा हे माणसाला सुचतं. उल्हासनगरचे पत्ते तर वेगळीच विद्या. बॅरेक नंबर, रूम नंबर, सेक्शन, कॅम्प नंबर चार. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून ठेवले, १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं, पण पत्ता अजून छावणीचाच.

तिथलेच एक आजोबा कुणाच्या तरी कर्जाला जामीन होते. जन्म १९३१, जन्मगाव शिकारपूर. पुढच्या रकान्यात देश निवडायचा होता. यादी उघडली की भारत होता, पाकिस्तान होता. शाखेतल्या माणसानं तो रकाना मोकळा सोडला होता आणि मला त्याचं मन कळलं. १९३१ साली पाकिस्तान नव्हता. शिकारपूर सिंधमध्ये, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात. १९३६च्या एप्रिलमध्ये तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे हे आजोबा मुंबई इलाख्यात जन्मले, ठाणे जिल्ह्यात म्हातारे झाले, आणि मधल्या काळात त्यांच्या खालून इलाखाच काढून घेतला गेला. यादीत कुठलं नाव निवडलं तर ते खोटं ठरणार नाही? मी पंधरा मिनिटं त्या एका ओळीवर घालवली. पर्यवेक्षक सर मागून म्हणाले, “पाकिस्तान टाक आणि पुढे हो.”

त्याच आठवड्यात कॉलेजात आमचा तर्कसंग्रह चालू होता. अन्नंभट्टाचा, सतराव्या शतकातला, छोटासा ग्रंथ. न्याय आणि वैशेषिकाची बाराखडी म्हणून शिकवतात. आमच्या सरांकडे आठल्यांनी संपादित केलेली, बॉम्बे संस्कृत सीरिजमधली जुनी प्रत होती, तिची पानं उलटताना कोपरे तुटायचे. घटपटाची खटपट म्हणून मुलं मागं हसत. सर अभावावर आले.

कणादाच्या मूळ यादीत पदार्थ सहा: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. जगात जे जे काही आहे ते या सहांत बसतं. नंतरच्यांनी सातवा घातला, अभाव. शिवादित्याच्या ग्रंथाचं तर नावच सप्तपदार्थी. म्हणजे जगात काय काय आहे याची मोजणी करताना ‘नसणं’ हीसुद्धा एक गोष्ट म्हणून मोजली. मला हे आधी शब्दांचा खेळ वाटलं. मग सरांनी फळ्याशेजारची मोकळी खुर्ची दाखवून विचारलं, “इथं काय नाही?” कुणी म्हणालं माणूस, कुणी म्हणालं पुस्तक, मागचा एक जण म्हणाला हत्ती. सर म्हणाले, बरोबर, नुसतं ‘नाही’ असं कधी नसतंच. कशाचं तरी नाही असतं, आणि कुठं तरी नाही असतं. ज्याचं नसणं आहे तो प्रतियोगी, जिथं ते नसणं आहे तो अनुयोगी.

मी वहीच्या समासात चौकट काढली. आडवी ओळ म्हणजे माणूस, उभा स्तंभ म्हणजे जन्मतारीख, आणि दोन्ही जिथं छेदतात तिथं रिकामं. ठाण्याच्या त्या स्क्रीनवर माझ्यासमोर रोज हेच होतं. या माणसाच्या ठायी, या गोष्टीचा, अभाव. प्रतियोगी स्तंभात, अनुयोगी ओळीत.

आता मीमांसकांतला प्रभाकर हे मानत नाही. तो म्हणतो, घागर नाही म्हणजे नुसती मोकळी जमीन दिसते, तेवढंच. घागरीचा अभाव नावाची निराळी वस्तू तिथं बसलेली नाही. आमचे पर्यवेक्षक सर नकळत पक्के प्राभाकर होते. “रिकामं म्हणजे रिकामं, त्यात बघायचं काय?” नैयायिकांचं उत्तर मला आजही ताकदवान वाटतं: जमीन तर घागर असतानाही दिसतेच की. मग घागर ठेवलेली असताना ‘घागर नाही’ असं का म्हणत नाही? काही तरी बदललं आहे, आणि जे बदललं ते जमिनीत नाही.

आणि अभाव एकाच जातीचा नव्हे. मातीतून अजून न घडलेल्या घागरीचा अभाव हा प्रागभाव. त्याला सुरुवात नाही पण शेवट आहे. घागर झाली की तो संपला. फुटलेल्या घागरीचा अभाव हा प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे आणि शेवट नाही. वाऱ्याला रूप नसणं हा अत्यंताभाव, कधी नव्हतं आणि कधी नसेल. आणि घागर म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव. पालघरचं शिरगाव म्हणजे बदलापूरचं शिरगाव नव्हे, तो हाच.

शेवटच्यावरून आठवलं. डेटाबेसमध्ये रिकाम्या रकान्याला ‘नल’ म्हणतात, आणि मला पहिल्या दिवसापासून तो नळराजाच ऐकू येई. दमयंतीच्या स्वयंवरात एकसारखे पाच नळ बसले होते, चार देव आणि एक खरा. तिनं ओळखला कसा? देवांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, सावली पडत नव्हती, पाय भुईला टेकत नव्हते. जे नव्हतं त्यावरून तिनं चार ओळी बाद केल्या. जगात इतकं नेमकं काम कुणी केलं नसेल, आणि तिला साडेतीन हजारही मिळाले नाहीत.

असो. संगणकवाल्यांनाही हा घोळ माहीत आहे. १९७०मध्ये आयबीएमच्या एडगर कॉडनं ओळी-स्तंभांच्या या कोठारांचा सिद्धांत मांडला. त्याच्या मागून आलेल्या एसक्यूएल भाषेत दोन नल एकमेकांसारखे आहेत का असं विचारलं तर ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, ‘माहीत नाही’ येतं. दोन माणसांच्या जन्मतारखा ठाऊक नाहीत म्हणून त्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो थोडाच. कॉडनं पुढे १९९०च्या पुस्तकात रिकाम्याच्या दोन जाती कराव्यात असं सुचवलं: लागू आहे पण माहीत नाही तो एक, लागूच नाही तो दुसरा. बाजारातल्या सॉफ्टवेअरांनी काही ते मनावर घेतलं नाही.

मी घेतलं. मूळ कागदी फॉर्म गोदामातल्या खोक्यांत होते, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ती उचकायला लागले. एकाच प्रकारे रिकाम्या दिसणाऱ्या रकान्यांमागं काय काय होतं! फोन नंबर नाही, कारण फोनच नाही. पदवीचं वर्ष नाही, कारण मुलगा माझ्यासारखाच अजून शिकतोय. पतीचं नाव नाही, कारण लग्न केलेलं नाही. एकीनं रेशनकार्डाच्या रकान्यात ‘पुरात गेलं’ असं लिहिलं होतं. टंकणाऱ्याला नंबर सापडला नाही म्हणून त्यानं रकाना कोरा ठेवला. आणि सर्वांत जास्त रिकामे ते, जिथं एजंटनं विचारलंच नव्हतं.

‘पुरात गेलं’ या दोन शब्दांपाशी मी थांबले. २००५ साली आम्ही शिरगावात नव्हतो. पश्चिमेला हेंद्रेपाड्याच्या बाजूला तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. २६ जुलैला उल्हास नदी घरात आली ती थेट माळ्यापर्यंत. मी तेरा वर्षांची. आम्ही वरच्या मजल्यावरच्यांकडे दोन दिवस काढले. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आतला सगळा कागद एक होऊन बसला होता, लगद्यासारखा. आईची मार्कशीटं, घरभाड्याच्या पावत्या, फोटो. त्या वर्षी दिवाळीआधी आम्ही पूर्वेला शिरगावात वर आलो, दुसऱ्या मजल्यावर, आणि आजीनं पहिली गोष्ट विचारली ती ही की नदी किती लांब आहे.

मी माझ्या फाइलीत जास्तीचा एक रकाना काढला आणि प्रत्येक रिकाम्या जागेपुढं आकडा टाकायला लागले. १ म्हणजे अजून नाही. २ म्हणजे होतं, गेलं. ३ म्हणजे लागूच नाही. ४ म्हणजे विचारलं नाही. शे-दोनशे ओळी झाल्यावर लक्षात आलं, चौथा आकडा अन्नंभट्टाच्या यादीत नाही. तो अभाव नव्हेच. त्या माणसाला जन्मतारीख आहे, त्याला कदाचित ती पाठही आहे. रिकामं आहे ते आमचं ज्ञान. पहिल्या तीन आकड्यांत जगाबद्दल काही सांगितलं जातं, चौथ्यात आपल्याबद्दल. आणि स्क्रीनवर चारही सारखेच पांढरे.

तीन शनिवारांनी पर्यवेक्षक सरांना तो रकाना दिसला. रागावले नाहीत. बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, “छान आहे गं. पण क्लायंटच्या साच्यात हे बसत नाही.” मग पुसला. जन्मतारीख रिकामी असेल तिथं १ जानेवारी १९७० टाकायची, फोन नसेल तिथं दहा वेळा नऊ. साच्याला कोरी जागा चालत नव्हती. १ जानेवारी १९७० का, तर बहुतेक संगणकांच्या पोटातलं घड्याळ त्या क्षणापासून सेकंद मोजत येतं. त्यांचा तो युगारंभ. मी टाकल्या. दोन-तीन हजार माणसांना मी युगारंभी जन्माला घातलं असेन. पुढच्या जानेवारीत कर्जवाल्या कंपनीनं गिऱ्हाइकांना वाढदिवसाचे संदेश पाठवले आणि एक बाई शाखेत येऊन विचारू लागली म्हणे, की माझा वाढदिवस तुम्हाला कळला कसा, मला तर ठाऊक नाही. ऑफिसात सगळे खूप हसले. मीही हसले.

मी पाप केलं का, हे मी आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांना विचारलं. ते थेट उत्तर देणाऱ्यांतले नव्हते. त्या रविवारी आम्हा चार-पाच जणांना घेऊन ते अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. शिलाहारांचं, शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि खाली उभं राहून वर पाहिलं की आभाळ दिसतं. गाभाऱ्यावर शिखर नाही. पिंडीवर सरळ ऊन पडतं. सर म्हणाले, “शिखर पुरं झालंच नाही असं म्हणणारे आहेत, पडलं असं म्हणणारे आहेत. प्रागभाव की प्रध्वंस, सांगा.” आम्ही मान वर करून भांडलो. एकीनं विचारलं, मग वर नवीन का बांधत नाहीत? सर म्हणाले, “बांधलं तर हा प्रश्न कुणाला पडेल?” आणि बाहेर येऊन आम्हाला उसाचा रस पाजला.

गुरुजींचा १ जून आणि माझी १ जानेवारी यांत फरक काय, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलंय. दोन्ही खोट्या. गुरुजींसमोर निदान पोरगं उभं होतं, आणि माझ्यासमोर ओळ होती. पण एवढ्यानं सुटत नाही. मला खटकतं ते हे की ती तारीख स्वतःबद्दल काही बोलत नाही. मी अंदाज आहे, मी भर आहे, असं तिच्या अंगावर कुठं लिहिलेलं नसतं. आजीचं आधारकार्ड आलं तेव्हा मला त्या सरकारी कागदाचं कौतुक वाटलं होतं. २०१०च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं, त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्याकडे शिबिर लागलं. आजीला तारीख सांगता आली नाही. कार्डावर नुसतं जन्मवर्ष छापून आलं. दिवस नाही, महिना नाही. जेवढं माहीत तेवढंच.

धर्मानं हे काम फार आधी केलेलं आहे, हे मला कळायला आजी लागली. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं, हा साच्यातला ठरलेला शब्द. तो कुणी भटजींकडून ऐकला की आता मी गालात हसते. पण पितृपक्षाची व्यवस्था त्याहून सूक्ष्म आहे. ज्याची तिथी माहीत त्याचं त्या तिथीला. ज्याची माहीत नाही त्याचं सर्वपित्रीला. तो अमावास्येला वारला असं कुणी म्हणत नाही. माहीत नसलेल्यांसाठी एक दिवस राखून ठेवलाय आणि त्या दिवसाला तसं नावही आहे. माझा चौथा आकडा, पंचांगात छापलेला.

तरी आमच्या घरचा एक रकाना त्यातही बसत नव्हता.

बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, १९९६ साली हेंद्रेपाड्याच्या घरातून सकाळी कामाला म्हणून निघाला आणि आला नाही. मी चार वर्षांची होते. मला त्याचा चेहरा आठवत नाही, आणि फोटो ट्रंकेत होता. पोलीस झाले, देव झाले, कल्याण स्टेशनवर पत्रकं चिकटवली. कायदा सांगतो की सात वर्षं खबर नसेल तर माणूस मेला असं धरता येतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८. त्यातली एक अट मी पुढे वाचली तेव्हा अंगावर काटा आला: तो जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, अशांना ती लागलेली नसली पाहिजे. हे तर नैयायिकांचं शब्दशः! न दिसणं हे नसण्याचं प्रमाण केव्हा? असती तर दिसली असती, अशी स्थिती असेल तेव्हाच. उजेडात घागर दिसली नाही म्हणजे घागर नाही. अंधारात दिसली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. कुमारिल भट्टानं तर न दिसण्याला प्रत्यक्ष-अनुमानांच्या पंगतीत स्वतंत्र सहावं प्रमाण म्हणून बसवलं, पण योग्यतेची ही अट त्यालाही लागतेच.

शास्त्रात बारा वर्षं थांबायला सांगितलंय. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन, पालाशविधी. २००८ साली बारा वर्षं भरली तेव्हा साताऱ्याहून चुलतआजोबा आले आणि म्हणाले, आता करून टाका, पोराच्या जिवाला गती मिळू दे. आजी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “त्यो हितं दिसत न्हाई, येवढंच मला ठावं. कुठंच न्हाई, हे कोन बघून आलंय?”

चुलतआजोबा म्हणाले, “असता तर बारा वर्सांत चिठ्ठी तरी धाडली असती.”

तेव्हा आजीनं भाकरी तव्यावर टाकली आणि बाबांकडे पाहिलं. जायच्या आदल्या रात्री बाबांनी काकावर हात उचलला होता. पैशांवरून. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. “ज्याला कळवायचंच न्हाई,” आजी म्हणाली, “त्याचं कळंना म्हनून त्यो न्हाई?”

मी तेव्हा दहावीनंतरच्या सुट्टीत होते, न्याय की वैशेषिक काही ठाऊक नव्हतं. तीन वर्षांनी वर्गात योग्यानुपलब्धी शिकताना मला एकदम भाजणाऱ्या भाकरीचा वास आला. अट पुरी होत नव्हती. खबर लागायला हवी होती अशांपैकी आम्ही होतो की नाही, हेच ठरत नव्हतं.

रेशनकार्डावर आजीनं त्याचं नाव शेवटपर्यंत ठेवलं. साखरेच्या लोभानं नव्हे. त्याच्या वाट्याचं ती दुकानदाराला मोजून परत करायची, आणि दुकानदार वैतागायचा. पुढं कार्डाला आधार जोडायचं आलं तेव्हा ज्याचं आधार नाही ते नाव आपोआप गळालं. आजीला आम्ही सांगितलं नाही. २०१७ साली ती गेली. तिची तिथी आहे, वद्य पंचमी, ती स्वच्छ माहीत आहे.

मी आता अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. अभाव अभ्यासक्रमात नाही, पण मी मोकळ्या खुर्चीचा प्रश्न विचारतेच, आणि दर वर्षी कुणी तरी हत्ती म्हणतं. ठाण्याची ती कंपनी तिथून कधीच हलली. मी भरलेल्या तारखा मात्र कुठल्या तरी सर्व्हरवर असणार. एका फाइलीतून दुसरीत जाताना त्या दर वेळी जरा जास्त खऱ्या होत असणार.

गेल्या सप्टेंबरात, २१ तारखेला, सर्वपित्री रविवारी आली. बाबांना निवृत्त होऊन चार महिने होत आले होते आणि त्यांना वेळ खायला उठायचा. या वर्षी सगळं नीट करू म्हणाले. गुरुजींना बोलावलं. हे दुसरे गुरुजी, पूजेचे; शिरगावातच राहतात, बीएस्सी झालेले, मोबाइलवर पंचांग पाहतात. आईनं खीर, वडे, गवारीची भाजी केली होती. ज्यांची ज्यांची तिथी हरवली त्यांची नावं बाबांनी कागदावर लिहून ठेवली होती: पणजी, एक चुलत पणजोबा, आजोबांची लहानपणी गेलेली बहीण. तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, तिथं त्यांनी नुसतं ‘आत्या’ लिहिलं होतं. सगळ्यांत खाली काकाचं नाव.

गुरुजी एकेक नाव घेत खाली आले. “हे कोण?”

“भाऊ. धाकटा.”

“तिथी माहीत नाही ना? मग बरोबर आहे, आजच घ्यायचं.”

बाबा काही बोलेनात. मी स्वयंपाकघराच्या दारात पानं पुसत उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी काय सांगणार होते?

“तिथी माहीत नाही असं नाही,” बाबा म्हणाले. “गेला की नाही तेच माहीत नाही.”

गुरुजींनी मोबाइल खाली ठेवला. कागद हातात घेतला, पुन्हा एकदा वाचला. त्यांचं वय तिशीच्या आत असेल. आता ते काश्यप म्हणतील असं काही तरी मला उगाच वाटलं.

“मग हे नाव आज घ्यायचं नाही,” ते म्हणाले. “राहू दे तसंच.” कागद घडी करून त्यांनी बाबांना परत दिला आणि तीळ मागितले.